तलवारीचं टोक

आमच्या कोल्हारच्या जत्रेत दरवर्षी नाटक होतं आणि त्यात नाना, म्हणजे माझे वडील, दरवर्षी तलवार चालवतात. मागच्या जत्रेत लढाईच्या प्रवेशात माझ्या चुलतभावाचा वार त्यांना दिसलाच नाही. लाकडी तलवार थेट बोटांवर बसली. लगेच मंडळींनी ठरवून टाकलं, की यंदा नानांनी ऋषी करावा. बसल्या जागी आशीर्वाद द्यायचे, बस. त्या रात्री नाना जेवले नाहीत. मला मंडळींचा असा संताप आला! स्टेजवर मिणमिणता उजेड ठेवायचा, त्यात काळी तलवार फिरवायची, आणि वर म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणायचं! मी सांगून आले, यंदा दोन्ही तलवारी उजेडाच्या करते, टोकापर्यंत. मग बघू कुणाला काय दिसत नाही ते.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. नानांनी काढलं, आता मी बघते. त्यामुळे भिंगातलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी समजूत. प्लॅस्टिकची पारदर्शक नळी घेतली, आतून डाळिंबाच्या झाडांवर घालतात ते पांढरं, झिरझिरीत कापडाचं क्रॉप कव्हर लावलं, मुठीत टॉर्चचा दिवा बसवला आणि त्याच्यापुढे दुकानातली सगळ्यात जाड चष्म्याची काच. बटण दाबलं तर मूठ लखलखीत आणि टोकाला ठार काळोख. चष्मेवाल्यांची खोड, दुसरं काय! कशालाही नंबर वाढवून द्यायचा.

मग श्रीरामपूरला जाऊन दिव्यांची छोटी भिंगं आणली, उजेड कमी-जास्त पसरवणारी. जास्त पसरवणाऱ्या भिंगाचा उजेड मुठीजवळच सांडून संपायचा. अरुंद झोताचं भिंग त्याला सरळ पुढे धाडायचं. आता त्यातलं नेमकं कुठलं, ते तलवार ज्यांना बघायची त्यांनीच ठरवायला हवं होतं.

दुपारी शटर खाली ओढून मी नानांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. तलवार समोरच्या टेबलावर आडवी ठेवली, मूठ त्यांच्या डावीकडे.

"मुठीकडं बघा. लढताना समोरच्याच्या हाताकडं बघायचं, तुमीच सांगता ना?"

"व्हय."

"आता सांगा. हे बरं, का हे?"

हा प्रश्न मला त्यांनीच शिकवलेला. आयुष्यभर त्यांनी लोकांना तोच विचारला.

"टोकाला अंधार हाय," नाना म्हणाले.

मी भिंग बदललं. अंधारच. आणखी अरुंद झोताचं घातलं, टोकाशी आरशाचा तुकडाही चिकटवला.

"न्हाई. मूठ ब्येस दिसती. टोक न्हाई."

माझं डोकं सटकलं. "नाना, मुद्दाम करताय का?"

तेवढ्यात मागच्या दाराने आई चहा घेऊन आली. "अगं, टोकापातुर लख्ख हाय की," ती म्हणाली. "आनि काय पायजे?"

मी तलवारीकडे नीट पाहिलं. खरंच, उजेड सगळीकडे सारखा होता. मग भिंगाला हातही न लावता मी तलवार उलटी फिरवून ठेवली, मूठ उजवीकडे आणि टोक डावीकडे.

"आता ब्येस झालं," मुठीवरची नजर न हलवता नाना म्हणाले. "आता टोक दिसतंय."

मी भिंग बदललं नव्हतं, हे त्यांनी पाहिलं होतं. दरवर्षी मी त्यांना तक्त्यासमोर बसवायचे आणि ते मला चिडवायला डोळे मिटून सगळी अक्षरं म्हणून दाखवायचे. मी हसून सोडून द्यायचे.

"उजव्या अंगाचं दिसत न्हाई मला," ते हळूच म्हणाले. "लई दिस झालं. सांगितलं असतं तर तूपन ऋषीच करायला लावला असता."

दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू. समोरची अक्षरं शाबूत राहतात आणि कडेचं गुपचूप जातं, असं डॉक्टरांनी सांगितलं. गेलेलं परत येणार नाही, पण राहिलेलं थेंब घालून टिकवता येईल. 'वेळेत आलात,' असंही ते म्हणाले. परतताना ते आठवलं आणि मी एसटी स्टँडवर चारचौघांत रडले. नाना मला केळी घेऊन आले.

तालमीला नानांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, "मला उजवीकडचं दिसत न्हाई. वार डावीकडनं करा." इतके दिवस लपवलेली गोष्ट त्यांनी अशी भर मांडवात सांगितली, याचं मला फार कौतुक वाटलं. ऋषीचं नाव मग कुणी काढलं नाही.

जत्रेत दोन्ही तलवारी मुठीपासून टोकापर्यंत सारख्या उजळल्या. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. नानांनी डावीकडून आलेला एकेक वार अडवला. आणि मग रंगात आलेल्या चुलतभावाने, जुन्या सवयीने, तलवार नानांच्या उजवीकडून आणली. आईने माझा दंड गच्च धरला.

नानांनी अख्खी मान वळवली, टोकाकडे पाहिलं आणि वार वरच्या वर अडवला.

"बघितला," आई म्हणाली. "अगं, बघितला त्यांनी!"