तेलात मुरलेला बॉल

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा सातवीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी ओळख अर्धवटच राहिली. शब्दही साधेच येतात. सांभाळून घ्यावं. पण आमच्या फुलसावंगीच्या क्रिकेट क्लबात किस्से साचतात ते गिरणीच्या भिंतीवर पीठ साचतं तसे. मुद्दाम कुणी लावत नाही, आणि आज झाडलं तरी उद्या पुन्हा तेवढंच! मी पिठाच्या गिरणीतच काम करतो, म्हणून हे सुचलं.

*

क्लबाचा मी बॉलर. पण मागच्या वर्षी गिरणीच्या पट्ट्यात उजव्या हाताचं मधलं बोट सापडलं आणि लीगचा अख्खा हंगाम मी निंबाखाली बसून पाहिला. बोट बरं झालं, पण वाकेना.

यंदा परत गेलो. आमचे कॅप्टन नानाभाऊ गावचे शिंपी. त्यांनी माझं बोट कापडासारखं उलटसुलट करून पाहिलं. टेप तेवढा लावला नाही. मग म्हणाले, "उसवून शिवता येत असतं तं आताच शिवलं असतं."

लीगचा पहिला सामना उमरखेडला होता आणि क्लबानं नागपुरावरून नवा बॉल मागवला होता. नानाभाऊंनी ठरवून टाकलं की सुरुवातीच्या दोन ओव्हर मला द्यायच्या. जमलं तर जागा माझी. "नाही जमलं तं रामसिंग टाकीन, अन् तू स्कोर लिहिजो."

माझं अक्षर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही शिक्षा क्लबालाच वाटली.

मला मात्र त्या रात्री भाकर गोड लागली नाही. गिरणीत मी कुणाशी फार बोलत नाही. बॉल हातात असला म्हणजेच मी चार माणसांत उभा राहू शकतो.

*

रामसिंग शेजारच्या तांड्यातला. मी बसून होतो तेव्हा त्यानंच माझी जागा सांभाळली. अनवाणी पळतो आणि फार लांबून पळतो. आमच्या मैदानाला लागून सडक आहे. तिच्या पलीकडून त्याची धाव सुरू होते.

एका सामन्यात तो सुटला आणि मधेच एसटी आली. रामसिंग थांबला, म्हणून बसही थांबली. कंडक्टरनं दार उघडून विचारलं, "कुठं जायचं?"

"विकेटवर," रामसिंग म्हणाला.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. ओव्हर संपेपर्यंत बस तिथंच. एक म्हातारे गृहस्थ खिडकीतून ओरडत राहिले की दवाखान्यात जायचं आहे. शेवटच्या बॉलवर विकेट पडली, तेव्हा टाळी सगळ्यात आधी त्यांनीच वाजवली.

*

खेळपट्टीवर अंथरायची आमची काथ्याची मॅट गावात कुणाचंही लग्न निघालं की मांडवात जाते. एकदा सामन्याच्या दिवशी ती पंगतीखाली होती. दोन्ही टीम वाट पाहत उभ्या. वधूपित्यानं ते पाहिलं आणि सगळ्यांना पानावर बसवलं. जेवून उठलो, मॅट गुंडाळली, मैदानात अंथरली. त्या दिवशी धावून रन कुणीच काढला नाही!

*

आता बॉलचं. नवा बॉल आला, त्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि नानाभाऊंनी तो घरी फळीवर ठेवला.

नानाभाऊंच्या आईला आम्ही सगळेच माय म्हणतो. आमच्याकडे नवी वहाण पायाला चावू नये म्हणून आधी तेलात मुरवतात. मायनं आमचा विकेटकीपर शेषराव याचे सुजलेले तळहात पाहिले होते. तिनं बॉल करडीच्या तेलाच्या वाटीत बसवला आणि वर ताटली झाकली.

सकाळी नानाभाऊंनी ताटली उचलली आणि डोक्याला हात लावला. माय म्हणाली, "नवं चामडं हाय, बापू. एक रात मुरलं का चावत नाही."

वाटी लहान होती. म्हणून खालचा अर्धाच बॉल तेल प्यायला. तो काळाभोर, वरचा लालबुंद. शेषरावला वाटलं, कापूस तेल ओढून घेईल. त्यानं घरातल्या कापसाच्या ढिगात बॉल पुरला. काढला तेव्हा बॉलला दाढी आली होती. नानाभाऊंनी मशीन बंद ठेवून दिवसभर कात्रीनं ती दाढी केली. गिऱ्हाइकं परत गेली.

दुसरा बॉल मागवायला सवड नव्हती.

*

त्याच बॉलवर नानाभाऊंच्या घरापुढं माझी प्रॅक्टिस झाली. पहिला बॉल हातातून निसटला, वर गेला आणि मागं अंपायर म्हणून उभ्या असलेल्या नानाभाऊंच्या खांद्यावर पडला. ते खांदा चोळत म्हणाले, "अंपायर आउट होत नसते, गड्या."

दुसराही तसाच. तिसरा टाकायला माझे पाय निघेनात.

मग रामसिंग जवळ आला. मला जमलं नाही तर जागा त्याचीच होती. त्यानं माझा पंजा उघडून पाहिला आणि म्हणाला, "त्या बोटाले काम कायले सांगून राह्यला बे? त्याले आराम दे. बाकीचे हायेत ना."

ते बोट बाजूला ठेवून मी टाकला. बॉल सरळ गेला आणि शेवटी एकदम तेलाच्या बाजूला वळला, घर दिसल्यावर बैल वळतो तसा. शेषरावला तो गुडघ्यावर बसला. माय ओट्यावरून पाहत होती. तिचं म्हणणं पडलं, "पाह्य, चावला का?"

शेषराव एका पायावर उड्या मारत होता.

*

उमरखेडचा अंपायर म्हणजे तिथले एक ड्रिलमास्तर, फार तापट. त्यांनी आधीच बजावलं की आउट मागायला बॉलरशिवाय कुणीही ओरडलं तर स्टंप उपटून घरी जाईन. नानाभाऊंनी आम्हाला तशीच ताकीद दिली आणि मग सगळे माझ्याकडे पाहू लागले.

पहिल्या ओव्हरला मार बसला. रामसिंग दुसरीकडे पाहत खांदा मोकळा करू लागला. दुसरीतही काही घडेना. तिचा शेवटचा बॉल खेळायला त्यांचे कॅप्टन वामनराव होते. पिकलेल्या मिशा, कापडाचं दुकान, भला माणूस. बॉल आला, वळला आणि बरोबर स्टंपापुढं त्यांच्या पॅडवर धप्पकन बसला.

शेषरावनं ग्लोव्ह तोंडात कोंबला. नानाभाऊ आभाळाकडे पाहू लागले. कुणी विचारल्याशिवाय अंपायरला आउट देता येत नाही, आणि विचारायची मुभा फक्त मला होती. मास्तर माझ्याकडे पाहत होते. मी जमिनीकडे.

वामनराव जागचे हलले नाहीत. बॅटवर रेलून म्हणाले, "पोरा, इचारतं का नाही? मी कवाचा उभा हाओ."

मी हळूच विचारलं. मास्तर दोन पावलं पुढं आले, "काय म्हणाला?"

"मास्तर," मी म्हणालो, "हे आउट आहे का?"

मास्तरांनी बोट वर केलं. वामनराव बॅट काखेत मारून गेले.

पुढच्या माझ्या ओव्हरला नानाभाऊंनी बॉल माझ्याच हातात ठेवला. रामसिंग पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता वरडाले शीक."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी उघडायच्या आधी मी नाल्यापलीकडे आमच्या शेताच्या धुऱ्यावर गेलो. आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं आणि छाती भरून ओरडलो, "हाऊज दॅट!"

पलीकडच्या कापसाच्या शेतातून कुणाचा तरी आवाज आला, "नॉट आउट."

मी पुन्हा विचारलं, अजून मोठ्यानं.