मेट्रोचे दगड आमच्या पडवीत

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नाही, फॉर्म सोडले तर. तेही मीच भरतो. पप्पा चौथीपर्यंत शिकले, आई त्याहून कमी. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण निबंधात मला कधी बरे मार्क पडले नाहीत. त्यामुळे मी लिहावं की नाही हे मला अजूनही कळत नाही. एक गोष्ट घरात तोंडाने सांगता येत नाहीये, म्हणून लिहून बघतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला बैठ्या चाळीत राहतो. आमची खोली शेवटची. त्यामुळे भिंतीला लागून थोडी मोकळी जागा मिळालेली, तिच्यावर पप्पांनी पत्रा टाकला. तिला आम्ही पडवी म्हणतो. कधीतरी ती बांधून घ्यायची आणि दुसरी खोली करायची, हे माझ्या लहानपणापासून ठरलेलं होतं.

मी दहावीत होतो तेव्हा आमच्या रस्त्यावर मेट्रोसाठी जमीन तपासायला माणसं आली. ही छोटी मेट्रो, कमी डब्यांची, पण थेट ठाण्याला जाणारी, असं सगळे सांगत होते. तीन पायांचं मशीन दिवसभर घरघरायचं. जमिनीत खोल भोक पाडून आतला खडक लाटण्यासारखा गोल, अख्खा वर काढायचे. ते तुकडे लांबट लाकडी खोक्यांत, ज्या खोलीवर निघाले त्या क्रमाने मांडायचे. मधेमधे लाकडाची चीप, तिच्यावर रंगाने आकडा, म्हणजे इथून पुढचा दगड किती मीटरवरचा ते कळावं. त्यांच्यातला एक तरुण इंजिनिअर आमच्याकडे पाणी प्यायला यायचा. आई त्याला चहा द्यायची.

मग एक दिवस मशीन बंद झालं. पुढचे पैसे आलेच नाहीत, असं तो इंजिनिअर म्हणाला. टेम्पोत मशीन चढलं, माणसं चढली, खोक्यांना जागा उरली नाही. तो पप्पांकडे आला.

"काका, पंधरा दिवस ठेवाल का? पण एक तुकडा इकडचा तिकडे होऊ देऊ नका हां. क्रम चुकला की आमची सगळी मेहनत वाया."

"बिनधास्त जा. मी आहे ना," पप्पा म्हणाले.

त्याने पप्पांचा नंबर वहीत लिहून घेतला आणि तो गेला. पावती नाही, सही नाही.

इथे पप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. ते एमआयडीसीत कपडा रंगवायच्या कंपनीत हेल्पर आहेत, मी जन्मायच्या आधीपासून. फोन आत न्यायला बंदी, म्हणून त्यांचा फोन घरीच असतो. आणि सुटताना गेटवर रोज त्यांचा डबा उघडून बघतात. मी एकदा छत्री द्यायला गेलेलो तेव्हा पाहिलं. वॉचमनने रिकाम्या डब्याचं झाकण काढलं, आत बघितलं, परत लावलं. तेवढा वेळ पप्पा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत राहिले. 

अशा माणसाकडे कुणीतरी सरकारी वस्तू कागदाशिवाय ठेवून गेलं होतं.

पंधरा दिवस झाले, वर्ष झालं. पप्पांनी खोक्यांखाली विटा लावल्या, वाळवी लागू नये म्हणून. वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स टाकला. रविवारी फ्लेक्स काढून दगड फडक्याने पुसायचे, एकेक उचलून परत त्याच जागी ठेवायचे. चाळीतली पोरं आली की दाखवायचे, "हा बघ, बारा मीटरवरचा. इथे लाल पट्टा आहे, बघ. आपण झोपतो ना, त्याच्या खाली हे आहे." समोरचे काका येता-जाता ओरडायचे, "काय स्टेशनमास्तर, गाडी कितीला?" पप्पा हसून म्हणायचे, "सिग्नल पडू दे रे, तुला पहिल्या डब्यात बसवतो."

सिग्नल काही पडत नव्हता. पेपरात कधी यायचं की मंजुरी मिळाली. चार महिन्यांनी यायचं की खर्च वाढला, दिल्लीचा वाटा ठरायचाय, कर्जाचं अजून नक्की नाही. पप्पांना वाचता येतं, पण बोट ठेवून, हळू. म्हणून ते मला वाचायला सांगायचे आणि मी चांगलं तेवढंच वाचायचो. "निधीअभावी मार्ग रखडला" असं छापलेलं असताना मी "काम लवकरच सुरू होणार" एवढं वाचलेलं मला आठवतं. ते खूश होऊन चपला घालायचे आणि कामावर जायचे.

बारावीनंतर घोडबंदर रोडच्या कॉलेजात नंबर लागला तेव्हाही पप्पाच म्हणाले, "घे. सुरुवातीला त्रास होईल. तिसऱ्या वर्षाला तू मेट्रोने जाशील." तिसरं वर्ष आलं. मी ठाण्यात उतरून बस धरायचो आणि त्या रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या-उभ्या वही वाचायचो. कॉलेजमधल्या मुलांना मी कधी सांगितलं नाही की मेट्रोचे दगड आमच्या घरी आहेत. हसतील असं वाटायचं.

गेल्या वर्षी माझ्या लग्न झालेल्या ताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, ती आमच्याकडे येणार. एका खोलीत आम्ही तिघं, त्यात ती आणि बाळ. आई एक दिवस पप्पांना म्हणाली, "अहो, आता तरी पडवी बांधा. पोरगी काय त्या दगडांवर झोपवू?"

"कुणाची वस्तू आहे, टाकू कशी?"

"ते विसरले हो तुम्हाला. कधीच विसरले."

 पप्पा जेवण अर्धं ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात एका सरांना गाठलं. ते हातात चहाचा कप घेऊन स्टाफरूमकडे चाललेले. मला सरांशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. मी कसंबसं विचारलं, "सर, ड्रिलिंगचे नमुने नंतर काय करतात?" ते चालता चालता म्हणाले, "रिपोर्ट झाला की टाकून देतात. जागा कोण अडवणार?" काम मधेच थांबलंय, रिपोर्ट झालाय की नाही माहीत नाही, खोकी आमच्या घरी आहेत, हे सगळं सांगायचं राहिलं. सर आत गेले. मीही पुन्हा विचारायला गेलो नाही. खरं सांगायचं तर मला हवं ते उत्तर मिळालेलं होतं.

त्या संध्याकाळी मी पप्पांना सांगितलं, "पप्पा, त्या दगडांचा आता काही उपयोग नाही. रिपोर्ट झाला की ते टाकूनच देतात."

ते फ्लेक्सची दोरी बांधत होते. हात थांबला. "तो तर म्हणालेला, एक तुकडासुद्धा हलवू नका."

"तेव्हा म्हणाला असेल. किती वर्षं झाली."

"तुला नक्की माहीत आहे?"

"हो. सरांनाच विचारलं."

त्यांनी अर्धी बांधलेली दोरी सोडून दिली. मग म्हणाले, "ठीक आहे. तू शिकलायस. तुला कळतं."

इतक्या वर्षांत आईच्या सांगण्याने जे झालं नाही, ते माझ्या एका वाक्याने झालं. मला त्या वेळी बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

पुढच्या रविवारी मिस्त्री आला. जमीन उंच करायला भराव हवा होता, तो म्हणाला हेच दगड टाका, डबर विकत कशाला आणता. पप्पांनी एकेक तुकडा स्वतः खाली ठेवला, वरच्या मीटरपासून, क्रमाने, ओळीत. मिस्त्री हसायला लागला. "काका, भरावात काय नंबर लावताय? पाटी ओता की!" पप्पा म्हणाले, "असू दे रे, असू दे." त्यांनी शेवटचा तुकडा ठेवला आणि ते बाजूला झाले. मग मिस्त्रीने पहारीने ठोकून सगळं सारखं केलं, वर माती, खडी, कोबा. खोक्यांची लाकडं आईने बंबात घातली. बाळाच्या आंघोळीला ती महिनाभर पुरली.

खोली छान झाली. ताईची मुलगी तिथेच पहिल्यांदा पालथी पडली. पण पप्पांनी मला पेपर वाचून दाखव म्हणणं सोडलं. समोरचे काका एकदा "काय स्टेशनमास्तर" म्हणाले तर पप्पा "नाही रे आता" एवढंच म्हणून आत आले. रविवारी ते काय करायचं न कळून दारात बसलेले असतात. मी अभ्यास करतोय असं दाखवतो.

परवा ते दुसऱ्या पाळीला गेलेले, आई विहारात. पप्पांचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. मी उचलला.

"काका, ओळखलंत का? तुमच्याकडे चहा प्यायला यायचो. बोअरिंगवाला."

"मी त्यांचा मुलगा," मी म्हणालो. "पप्पा कामावर गेलेत."

"अरे, तू! दहावीत होतास ना? ऐक, पैसे मंजूर झाले. लाइन होतेय, खरंच होतेय आता. नवीन लोक आलेत, त्यांना खांबांचं डिझाइन करायच्या आधी जुने दगड डोळ्याने बघायचेत. बाकी ठिकाणचे सगळे गेले रे. ऑफिसात ठेवलेले, तेही कुणी सांभाळले नाहीत. सगळे म्हणाले, संपलं, परत खोदा. मी मीटिंगमध्ये सांगितलं, थांबा, डोंबिवलीला एक काका आहेत, त्यांच्याकडे असणार. जसे ठेवले तसे असणार."

माझी नजर नव्या खोलीच्या कोब्यावर गेली.

"हॅलो? ऐकतोयस ना? सोमवारी सकाळी टेम्पो पाठवतो. आणि हे बघ, साहेब स्वतः येणार आहेत, काकांना भेटायचंय म्हणाले. काकांना सांग, त्या दिवशी सुट्टी घ्या."