मामाचं मोकळं टेबल

आमच्या आहुप्याचा माणूस विमानात! तोही माझा सख्खा मामा! २००३ साली दक्षिण आफ्रिकेत जगभरातल्या संरक्षित जंगलांची परिषद भरणार होती आणि देवराई राखणारं गाव म्हणून आम्हाला बोलावणं आलं. मी मंचरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, म्हणून दुभाषी मी. आनंदानं मला झोप लागेना.

ब्राझीलच्या वसुंधरा परिषदेपासून अशा परिषदांच्या बातम्या मी रेडिओला कान लावून ऐकत आले होते. पण मामाच्या मनात धास्ती होती. लांब कुठंतरी मोठी माणसं ठरवणार आणि इकडं राईला कुंपण पडून गाव बाहेर! "राई गावाच्या हातात ऱ्हाऊ द्या, एवढं लिवून घिऊनच येतो," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला.

टेबलावर मांडायला राईतलं काहीतरी आणा, असं आयोजकांनी कळवलं. बी, पान, काहीही. आली का पंचाईत! आमच्या राईतून वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. मामानं देवाला फुलं लावून कौल घेतला. डावं फूल पडलं, म्हणजे नकार.

"मामा, एक पान रे! कोण बघतंय?"

"देव बघतोय की, शहाणे!"

परिषदेत काय तो थाट! शेजारी मुखवटे, टोपल्या, रंगीबेरंगी बिया. आमचं टेबल कोरं करकरीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परिषदेच्या ठरावाचा मसुदा लिहिणाऱ्या एक बाई आमच्यापाशी थांबल्या. "तुमचं सामान हरवलं का?" मी सारवासारव करणार, तोच मामा उठला.

"न्हाई बाई. आमच्या राईतनं काय भाईर येत न्हाई, म्हणून तर ती हाय. आता आमालाच भाईर काढलं, तर ह्यो नेम पाळायचा कुणी?"

मी इंग्रजीत सांगितलं. बाई खुर्ची ओढून बसल्याच.

शेवटच्या दिवशी ठराव वाचला गेला. गावांनी राखलेली जंगलंही संरक्षित मानावीत! मी मामाच्या कानात मराठीत सांगितलं. त्याच्या डोळ्यांना धारा.

"पुन्यांदा सांग."

सांगितलं.

"आता मोठ्यानं. गावाला ऐकू गेलं पायजे."

आणि त्या भरल्या सभागृहात मी मराठीत ओरडले, "राई आपलीच हाय!"