मधात काय बदललं?

"मधात काय बदललं?"

चाचा घरात पाऊल टाकायचे ते हा प्रश्न घेऊनच. मशीन बघायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी. चप्पल काढायची, खिशातल्या रुमालाने चष्मा पुसायचा आणि उत्तराची वाट बघत उभं राहायचं. "काल चालत होतं ना? आज बंद पडलं. मग मधात काय बदललं तेवढं सांगा. बाकी मी बघतो."

आणि आपण काय सांगतो? "काहीच नाही!" तुम्हीही हेच सांगितलं असतं. यावर चाचा नुसतं "हाव" म्हणायचे आणि खाली बसायचे. त्या "हाव"मध्ये आपण खोटं बोलतोय हे त्यांना कळलंय, एवढं आपल्याला कळायचं.

आयुष्याची तीस वर्षं त्यांनी नांदेडात लाऊडस्पीकरच्या दुकानात काढली होती. लग्नं, उरूस, जयंत्या, निवडणुका, सगळ्यांचे कर्णे बांधले. नंतर पोरं घरीच गाणी रेकॉर्ड करायला लागली, तशी त्यांनी साठीत कॉम्प्युटरची विद्या शिकून घेतली. कुठून शिकली विचारलं तर म्हणायचे, "बिघडवून." गावातल्या निम्म्या हौशी गायकांच्या मोबाईलमध्ये त्यांचा नंबर होता.

बिलोलीच्या एका पोराचा माईक एके दिवशी एकदम घोगरा झाला. पोरगा शपथा घ्यायला लागला, काही बदललं नाही म्हणून. चाचा एसटीने तिकडं गेले, पोराला बाजूला बसवून त्याच्या आईशी गप्पा मारत बसले. दहा मिनिटांत माउलीने आपणहून सांगितलं, "त्या बोंडक्याचं टोपडं लई मळलं होतं, म्हणून कालच साबण लावून धुतलं." माईकवरचं स्पंजाचं टोपडं! ओलंच परत बसवलेलं! चाचांनी ते दोरीवर वाळत घातलं, तिथंच जेवले आणि परत आले.

माझी त्यांची गाठ पडली ती मात्र हौसेपायी नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, उदगीरचे भुसार व्यापारी. सोमवारी मठात शिवाची पदं म्हणायचे, अर्धी मराठी, अर्धी कानडी. त्यांचा आवाज मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. त्या आप्पांच्या घशात गाठ निघाली. हैदराबादच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं आणि मंगळवारची तारीख दिली. माणूस वाचेल, पण बोलायचा नाही. मी आप्पा आणि अव्वाला, म्हणजे आईला, नांदेडला माझ्या घरी आणलं, आणि एकच गोष्ट डोक्यात घेतली. जायच्या आधी हा आवाज धरून ठेवायचा.

चांगला माईक आणला. तो लॅपटॉपला थेट लागत नाही, मधे ऑडिओ इंटरफेस नावाची एक डबी लागते, तीही आणली. सगळं जोडलं आणि कानाला हेडफोन लावला तर आत पिठाची गिरणी सुरू! घर्रर्र. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो हो, पण त्या घरघरीपुढं माझं काही चालेना. शुक्रवारी चाचांना बोलावलं.

"मधात काय बदललं?"

"नवीनच आहे सगळं. बदलणार काय?"

"हाव," चाचा म्हणाले.

त्यांचा एक नियम होता. एका टायमाला एकच गोष्ट हलवायची. वायर बदलली की ऐकायचं, मग दुसरी. फ्रिज बंद केला, ऐकलं. इन्व्हर्टर बंद केला, ऐकलं. मी मधेच दोन गोष्टी एकदम काढल्या तर मला हातावर चापट मारली, आपल्या पोराला मारावी तशी. मग मला म्हणाले, "आवाज खोलीत हाय का वायरीत हाय, ते बघू." त्यांनी लॅपटॉपचा स्वतःचा माईक चालू करून थोडं रेकॉर्ड केलं. त्यात घरघर नव्हती. "म्हणजे वायरीत हाय." उठले आणि अंगणात गेले. "अर्थिंगचा खड्डा कुठं हाय?"

मी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "अहो, दिवाळीत फरशी बसवली ना, तिच्याखाली गेला तो!"

अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात, नाहीतर माती कोरडी पडून करंट जमिनीत उतरत नाही. फिजिक्सच्या मास्तरने त्यावर फरशी घालून स्कूटर उभी केली होती. चाचा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मला माझी नवी फरशी फोडायला लावली, दोन बादल्या पाणी ओतायला लावलं. शेजारच्या काकू विचारत होत्या, सर कशाला पाणी घालून राहिले, झाड तर दिसत नाही. तासाभराने घरघर बरीच बसली. राहिलेली लॅपटॉपचा चार्जर काढला तशी गेली. चाचा म्हणाले, "बॅटरीवर म्हणवून घ्या. आता शांत हाय, बघा."

शनिवारी आप्पा कपाळाला विभूती लावून बसले. चाचा मुद्दाम आले होते. डबीला हेडफोन लावून डोळे मिटून ऐकत होते. पडद्यावरची हिरवी रेघ नाचत होती. आप्पांनी नऊ पदं म्हटली. गळा दुखत होता तरी थांबले नाहीत. शेवटच्या पदाला आवाज फाटला, तेव्हा चाचांनी हेडफोन काढला आणि आप्पांच्या गुडघ्याला हात लावला.

ऑपरेशन झालं. हैदराबादला निघायच्या घाईत ती फाईल कुणी लावून ऐकलीच नव्हती. पाचव्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी ती पहिल्यांदा लावली. आप्पा लांब कुठंतरी म्हणत होते. पंख्याची घरघर, कुकरच्या शिट्ट्या, रस्त्यावरचा भंगारवाला. त्यात आप्पांचा आवाज डब्यातून आल्यासारखा.

चाचांना फोन लावला. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. आवाज कसा येतो एवढंच विचारलं.

"सर, मीच बदललं," ते म्हणाले. "शुक्रवारी लॅपटॉपचा माईक लावून बघितला, तो परत डबीवर आणायचाच राहिला. हेडफोनमध्ये डबीतलं साफ येत होतं, म्हणून मला कळलं नाही. सगळं लॅपटॉपच्या माईकवर गेलं."

मी मुळातच तापट. पण त्या दिवशी बोललो ते तापटपणात जमा करून चालणार नाही. म्हणालो, "माझ्या बापाचा आवाज आता परत यायचा नाही, चाचा. कळतंय का तुम्हाला काय केलंत ते?" आणि फोन कापला.

आम्ही नांदेडला परतलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचा फाटकाशी येऊन उभे राहिले. आत येईनात. मीही या म्हणालो नाही. आप्पांनी खिडकीतून बघितलं, पलंगावर थाप मारून त्यांना बोलावलं आणि वहीवर लिहिलं, 'बसा. चहा घ्या.' चाचा बसले आणि लहान मुलासारखे रडले. आप्पांनी त्यांची पाठ थोपटली. मी दारातच उभा होतो.

चाचा फाईल घेऊन गेले. पंधरा दिवसांनी पेन ड्राईव्ह घेऊन आले. डोळे सुजलेले.

"पंखा काढला, भंगारवाला काढला. कुकर जरासा राहिला. आप्पा जवळ आले बघा थोडे." मग अडखळले. "एक विचारायचं होतं. तिसऱ्या पदात भाभींचा आवाज हाय. काढू का ठेवू?"

आम्ही ऐकलं. आप्पा कानडी ओळ चुकतात, आणि स्वयंपाकघरातून अव्वा ओरडते, "तसं न्हाई हो! जन्म गेला म्हणण्यात, अजून चुकतंय!" आप्पा क्षणभर थांबतात, हसतात, ओळ नीट म्हणतात. चांगल्या माईकवर यातलं अव्वाचं काही आलं नसतं. अव्वा पदर तोंडाला लावून आत पळाली. आप्पांनी दोन्ही हात वर केले. ठेवा, ठेवा!

तेव्हापासून आप्पा रोज सकाळी पूजेच्या वेळी ते लावतात. स्वतःच्या आवाजावर टाळ वाजवतात. तिसरं पद आलं की अव्वाकडं बघतात. मला हे किती आवडतं, काय सांगू! पण चाचांना मी ते सांगितलं नाही. वाटेत भेटले तरी इकडचं तिकडचं बोलायचो. माफी मागायला जीभ रेटत नव्हती. चांगलं निवांत बसून बोलू म्हणायचो, आणि वर्ष गेलं.

परवा त्यांच्या मुलाचा फोन आला. चाचा सकाळी चहा पिता पिता गेले.

आप्पा उठले. धोतर बदलून डोक्याला रुमाल बांधून दारात उभे राहिले. कब्रस्तानात मी त्यांची ओळख करून दिली तसे मुलाने त्यांचे हात धरले. "तुम्ही उदगीरचे आप्पा ना? अब्बा शेवटपर्यंत म्हणायचे, सगळ्यांची कामं केली, एका आप्पांचं तेवढं माझ्या हातून बिघडलं."

आप्पा जोरजोरात मान हलवायला लागले. नाही, नाही. तोंड उघडलं, गळ्याच्या भोकातून नुसता वारा आला. मग त्यांनी माझा दंड एवढा घट्ट धरला की दुखलं, आणि माझ्याकडं बघितलं. तू बोल.

"बिघडलं नाही हो," मी त्या मुलाला म्हणालो. "आमच्या घरी रोज लागतं ते. रोज." ज्याला सांगायचं होतं तो माणूस समोर खाली ठेवलेला होता.

लोक माती द्यायला लागले. आमच्या मठाच्या लोकांतही माणसाला पुरतातच, त्यामुळं आप्पांना काही सांगावं लागलं नाही. ते वाकले, मूठभर माती घेतली, हळूच सोडली. मग माझा हात धरून त्यांनी माझ्या मुठीत माती भरली.