कडेवरून खाली

नांदेडच्या कुलकर्णीबाईंनी मला फसवलं नाही. मी त्यांना फसवलं. आजवर मी सगळीकडं नेमकं उलट सांगत आलो — माझ्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या पोरांना, सोयऱ्यांना, माझ्या लेकीला. खरं कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या ओळखीचे नाहीत आणि मधेच उठून जाणार नाहीत.

मी आधी कोण होतो ते सांगतो. जनावरांच्या बाजारात घेणारा आणि विकणारा यांचा सौदा जुळवून देतो त्याला आमच्याकडं हेडी म्हणतात. मी हेडी होतो. शाळा सातवी. पण बैल चार पावलं चालला की त्याच्या खुरात काय आहे ते मी सांगायचो, आणि समोरचा माणूस दोनदा खाकरला की त्याच्या मनातला भाव सांगायचो. भूकंपानंतर बाजारच बदलला. माणसं दावणीला उभी राहायची आणि बोलायची नाहीत. मी धंदा सोडला आणि लातुरात चार खोल्या बांधल्या, पत्र्याच्या. स्लॅबखाली झोपायची माझी छाती नव्हती. मग क्लासेस आले, लांबलांबून पोरं आली. चाराच्या वीस खोल्या झाल्या. तरी आठवड्याचा बाजार मी सोडला नाही. काम नसायचं, पण तिथल्या लोकांत माझ्या शब्दाला वजन होतं, ते बघायला जायचो.

संगू, माझी लेक, बारावीला होती. ती पोरगी तेव्हा घरात असून नसायची. ताटावर बसून ओठ हलवत सूत्रं म्हणायची. मी विचारायचो, काय पाहिजे तुला? एकदा म्हणाली, कुत्र्याचं पिल्लू पाहिजे. एवढंच.

नांदेडला बाईंकडं मिळालं. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. घरात राणी नावाची कुत्री, तिला सहा पिल्लं. बाईंनी पिल्लू विकलं नाही, दिलं — आणि देण्याआधी माझीच उलटतपासणी घेतली. घरात कोण असतं, दुपारी कोण असतं, राग कुणाला येतो. मला येतो, मी म्हणालो. त्या हसल्या. म्हणाल्या, "मग तुम्हीच सांभाळा. रागीट माणसं कुत्र्यापुढं मऊ होतात."

संगूनं त्याचं नाव अणू ठेवलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या मला एकमेकींच्या विरुद्ध वाटल्या. लसीची तिसरी सुई होऊन वर दोन आठवडे जाईपर्यंत याचे पाय बाहेरच्या जमिनीला लागू द्यायचे नाहीत. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा रोग मातीत महिनोन्‌महिने राहतो. पण कोंडूनही ठेवायचं नाही. आत्ता या वयात जे बघेल, ऐकेल, त्याला ते जन्मभर भिणार नाही. हे दार लवकर बंद होतं. मी विचारलं, मग करायचं काय? ते म्हणाले, "कडेवर घ्या आणि गाव दाखवा."

मग मी गाव दाखवलं. ते दिवस कसे सांगू? सकाळी गंजगोलाईची बाजारपेठ उघडायच्या आत मी त्याला जुन्या धोतराच्या पानात गुंडाळून निघायचो. झाडलोट झालेली असायची, धूळ अजून खाली बसलेली नसायची, आणि त्या धुळीतून ऊन तिरपं यायचं. अणूचं डोकं माझ्या दंडावर. एकेक शटर वर जायचं तसा त्याचा एकेक कान हलायचा. तो गुळाच्या ढेपा बघायचा, घंटी वाजवत जाणारा सायकलवाला बघायचा, मोठ्या फेट्याचा माणूस दिसला की थोडा थरथरायचा, मग माझ्याकडं बघायचा. मी म्हणायचो, माणूसच आहे रे. परत बघायचा. भीती गेलेली असायची. माणसाळणं म्हणतात ते हेच असावं — पण सांगा, माणसाळत कोण होतं? संगू लहान होती तेव्हा मी बाजारात असायचो. तिला मी असं कडेवर घेऊन कधी काही दाखवलं होतं का? आठवत नाही. बहुतेक नाही.

दुपारी क्लास सुटायचा त्या गल्लीत उभा राहायचो. दोनतीनशे पोरं एकदम बाहेर पडायची. बाटलीतल्या पाण्यानं हात धुवायला लावून मग पिल्लाला हात लावू द्यायचो. पोरं रांग लावायची. रांगेच्या शेवटी संगू असायची, आणि हसायची. आमच्या घरातलं ते हसू मी किती दिवसांनी बघत होतो! घरी आलो की अणू पोटावर निजायचा. पत्र्यावर चिमण्या नाचल्या तरी उठायचा नाही. तीन आठवडे असे गेले. झोपेत चालल्यासारखा चालत होतो मी.

आणि मग — बाजारचा दिवस.

बैल, म्हशी, गर्दी, हेही त्याला दाखवावं म्हणून नेलं असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला मिरवायचं होतं. निंबाखाली जुनी मंडळी बसलेली. मारुती हेडी, माझ्याबरोबरचा, मला बघून म्हणाला, "काय अप्पा, नातू हाय का कडेवर?"

सगळे हसले. मीही हसलो.

"खाली सोड की. चालवून दाव."

मी म्हणालो, डॉक्टरनं नको म्हणलंय.

"पायात खोट असल्याबिगर कुणी जनावर उचलून आणतंय व्हय? लई शाना ना तू? गंडवलं बघ तुला नांदेडवाल्यांनी."

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. बाजारात जनावर चालवून दाखवणं म्हणजे शब्द खरा करणं. जो चालवत नाही तो काहीतरी झाकतो. आयुष्यभर मी हेच म्हणून लोकांचे सौदे मोडले होते. आणि आता माझ्याकडं बघून लोक गालात हसत होते. डोक्यात तिडीक गेली. मी अणूला खाली ठेवलं.

तो चालला. निंबाच्या बुडापासून पाण्याच्या हौदापर्यंत, शेपटी वर, एकेक पाय नवा असल्यासारखा टाकत. मातीला नाक लावलं, शिंकला. मंडळी वाहवा म्हणाली. मारुती म्हणाला, "न्हाई बाबा, पाय चोख हायेत." माझी छाती फुगली.

त्याच हौदामागं त्या आठवड्यात भटक्या कुत्रीची पिल्लं मेली होती. हे मला माहीत होतं का? होतं. आल्या आल्याच कुणीतरी बोललं होतं. अणू शिंकला तेव्हा मला ते आठवलंसुद्धा. तरी लगेच उचललं नाही. वाहवा संपायची वाट बघितली. मग धोतराच्या पानानं त्याचे पाय पुसले, जोरजोरात पुसले, आणि कुणाला सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी त्यानं खाणं सोडलं. मग उलट्या, मग रक्त. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि संगूसमोरच विचारलं, "बाहेर कुठं खाली सोडलं होतं का?"

मी म्हणालो, "न्हाई."

ते म्हणाले, "मग आणलं तिथलाच रोग म्हणायचा. पण इतक्या दिवसांनी?" संगूच्या कानात पहिलंच वाक्य राहिलं. अणू दोन दिवसांनी दुपारी गेला. ती रडली नाही. म्हणाली, "अप्पा, त्यांनी आजारी पिल्लू दिलं आपल्याला. तुम्ही जाऊन विचारणार नाही का?" एवढा भांडखोर बाप — गेला नसता तर तिला शंका आली नसती का?

म्हणून गेलो. बाईंच्या दारात उभा राहून मी बाजारात ओरडतो तसा ओरडलो. रोगट घर, रोगट कुत्री, लेकराचं काळीज तोडलं. शेजारी बाहेर आले. एक जोडपं उरलेलं पिल्लू न्यायला आलं होतं, ते रिकाम्या हातानं परत गेलं. बाईंनी एकच विचारलं. "कितव्या दिवशी आजारी पडलं?"

खरा दिवस सांगितला असता तर रोग त्यांच्या घरचा नव्हता हे त्यांना कळलं असतं. मलाही कळत होतं. अणू आजारी पडला तेव्हा त्याला आणून चार आठवडे होत आले होते.

"चौथ्या," मी म्हणालो.

त्यांच्या हातात राणीच्या सुयांचा कागद होता. त्यांनी तो घडी करून परत पदराखाली धरला. मी जिंकलो होतो, आणि जिंकलो की मला नेहमी भूक लागायची, तशी त्या दिवशीही लागली. स्टेशनसमोर पोटभर जेवलो.

मागच्या वर्षी मुदखेडला गाडीची वाट बघत होतो. बाकावर शेजारी कुणी येऊन बसलं. बाई होत्या. थकलेल्या, पण त्याच. मी तोंड फिरवलं. त्यांनी ओळखलं होतं. म्हणाल्या, "अप्पा, तुमची लेक कशी आहे? तिला सांगा, माझं चुकलं. मला कळायला हवं होतं." राणीला त्यांनी धर्माबादला भाच्याच्या शेतावर पाठवलं होतं, आपल्या घरात रोग आहे असं वाटून. तिथं ती फाटकाकडं तोंड करून बसायची. महिनाभर. मग गेली. त्यानंतर बाईंनी कुत्रं पाळलं नाही.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. बाकावर दोघंच होतो. दुपार होती, रूळ उन्हात हलल्यासारखे दिसत होते. मी काय म्हणालो माहीत आहे?

"जाऊ द्या बाई. झालं ते झालं."

मी त्यांना माफ केलं. त्यांचा चेहरा सैल पडला, त्यांनी डोळे पुसले, आणि माझे आभार मानले.

मारुतीचा मला अजून राग येतो. पण कडेवरून खाली ठेवणारे हात त्याचे नव्हते, आणि चौथा दिवस म्हणणारी जीभ तर नव्हतीच. बाकावर दिलेली ती माफी मी मागं घेतो. ती द्यायचा हक्कच माझा नव्हता. बाई अजून नांदेडला त्याच घरात राहतात. याचा जाब कुणीतरी द्यायला पाहिजे, आणि तो मी द्यायला पाहिजे — त्याच दारात, शेजारी बाहेर येतील एवढ्या मोठ्या आवाजात.