पीरबाईचा मलिदा

पीरबाईची आणि माझी ओळख जाळीच्या दारातून झाली. कर्जतच्या आमच्या इमारतीत मी राहायला आले, सामान वर चढवत होते, आणि समोरच्या बंद जाळीमागून एक म्हातारी मला न्याहाळत होती. नाव नाही, गाव नाही, तिने सरळ विचारलं, "किल्ली हाय का गं तुज्याकडं?"

नव्हती. पण महिनाभरात आली. तिचा मुलगा सुरेश खोपोलीच्या कारखान्यात जाताना तिला बाहेरून कुलूप घालायचा. अडीनडीला असावी म्हणून एक किल्ली त्याने माझ्याकडे दिली. "कुठं जाईल सांगता येत नाय, वहिनी," तो म्हणाला. मला वाटलं, विसराळू असेल. विसराळू कसली! साऱ्या गावाची सोयरीक तोंडपाठ असलेली बाई ती. तिला कुठे जायचंय ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि सुरेशला तेच नको होतं.

कशेळ्याच्या पुढे, त्यांच्या गावाजवळ टेकडीवर एक पीर आहे. पीरबाईच्या आईची मुलं जगत नव्हती. तिने पिराला नवस केला, पोर जगली तर जन्मभर दर उरसाला तिच्या हातचा मलिदा. पोर जगली, नाव पीरबाई ठेवलं. कुणब्याच्या घरातली ही मुलगी पुढे ठसठशीत कुंकू लावून, गूळतुपात मळलेल्या चपातीचा मलिदा घेऊन दरवर्षी टेकडी चढली. त्यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

मग वाटायला लागलं. गावच्या पोरांनी ठरवलं, आपल्या माणसांनी तिकडे जायचं नाही. टेकडीवरच्या नव्या कारभाऱ्यांनी ठरवलं, कुंकवाच्या बायका आत नकोत. दोन्हीकडच्यांचं एवढं एकमत मी दुसऱ्या कशावर पाहिलेलं नाही. सुरेशचं शेत, घर, भाऊबंद, सगळं त्याच गावात. तो घाबरला, आणि त्याने कुलूप आणलं.

"घरातल्या देवाला दाखव ना नैवेद्य," तो आईला समजवायचा.

"त्याला दावतेच की रोज. त्याचं त्याला, याचं याला. माजा जीव मागताना आयनं जात इचारली नाय, आन देताना मी इचारू?" आणि मग आवाज बारीक करून, "उरूस चुकवून मेले तर आयला काय तोंड दावू रं?"

माझा संताप व्हायचा. पण दुसऱ्याच्या घरचं कुलूप उघडून म्हातारीला पळवायचं धाडस माझ्यातही नव्हतं. उरसाच्या दिवशी मी एवढंच केलं, तिने मळलेला मलिदा डब्यात घेतला आणि एकटी गेले.

फाटकावर म्हातारे युसूफचाचा भेटले. पिराची सेवा पूर्वीपासून त्यांच्याच घराण्याकडे. डबा पाहताच म्हणाले, "पीरबाईचा ना?" मग मागे वळून पाहत आवाज खाली आणला. "आत न्यायला मला बी आता इचारावं लागतं, पोरी." ते फाटकाबाहेरच दगडावर बसले, डबा मांडीवर घेऊन फातिहा पढले आणि चिमूटभर मलिदा तोंडात टाकला. "तिला सांग, पोचला."

संध्याकाळी मी निरोप दिला तेव्हा सुरेशही घरी होता.

"आत गेला का गं डबा?" पीरबाईने विचारलं.

मला खोटं बोलवलं नाही. फाटकाबाहेरच राहिला, आत न्यायला आता चाचांनाही विचारावं लागतं, म्हणून सांगितलं.

"त्याचं तितं चालत नाय, माजं हितं चालत नाय. पन त्यो बोलला ना पोचला? मंग पोचला." मग सुरेशकडे वळली. "कुलूप काढ रं आता. मी कुटं जात नाय."

त्याने काढलं. त्या थंडीतच पीरबाई गेली, झोपेत.

पुढच्या उरसाला दुपारी सुरेश माझ्या दारात उभा. हातात मलिद्याचा डबा. मळला त्यानेच होता, चपातीचे तुकडे जाडेभरडे राहिले होते.

"कशेळ्यापर्यंत गेलो, वहिनी. नाक्यावर गावची पोरं दिसली. पुढं पाय उचललाच नाय."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

"तुमी जाल?" तो म्हणाला. "चाचांना सांगा, पीरबाईच्या पोराचा हाय. पन हळू सांगा."