पान फाटतं तिथेच

सुमनअक्का गेल्याचं मला कुणी येऊन सांगितलं नाही. तिचा भाचा तिचा फोटो फ्रेम करायला माझ्या दुकानात घेऊन आला, तेव्हा कळलं. जळगावात तीस वर्षं मी लोकांच्या देवांना आणि आजोबांना काचा बसवतोय, पण त्या दिवशी हातातली काच खाली ठेवावी लागली. दीड महिना झाला... अजून राग जात नाही. आजारी आहेस एवढं तरी कळवायचंस, अक्का.

ती मूळची भडगावची, इथे शाळेत चित्रकला शिकवायची, निवृत्त झाल्यावर गावी परतली. दहा-बारा वर्षांपूर्वी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या जुन्या दगडी चर्चची दुरुस्ती निघाली. खिडक्यांना तेव्हा पत्रे ठोकलेले होते. फादरनी रंगीत काचांसाठी तिच्याकडे चित्रं मागितली आणि हिने काढली केळीची पानं. कमिटीतले अँथनीकाका, रेल्वेचे निवृत्त ड्रायव्हर, भडकलेच. "चर्चमध्ये लिली असते बाई, केळी नाही." अक्काने शांतपणे विचारलं, "लिली कुठे पाहिलीत, काका?" काका ओशाळून "कॅलेंडरवर," म्हणाले. शेवटी ठरलं, ईस्टरच्या आत एक खिडकी उभी करून दाखवायची. नाही जमली तर सगळीकडे साधी पांढरी काच. जन्मभर पोरांच्या वह्यांवर शेरे मारलेल्या बाईच्या हाती स्वतःचं असं हे एकच काम आलं होतं.

काच कापायला मी. एवढं लांब, वळणाचं पान एका काचेत निघायचं नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. ऐकेल ती अक्का कसली! पहिलं पान तडकलं, दुसरं तडकलं, मुंबईहून आणलेली हिरवी काच संपत आली, आणि मी काच कापायचा हिरा टेबलावर आपटून म्हणालो, "लिलीच काढ बाई तू." ती मला गिरणा नदीकाठच्या केळीच्या बागेत घेऊन गेली. वाऱ्याने चिंध्या झालेलं एक पान उन्हासमोर धरून बराच वेळ बघत राहिली... आणि एकदम अहिराणीत म्हणाली, "भाऊ, जठे पान फाटस, तठेच काप." मी कपाळावर हात मारला. आमच्याकडच्या वाऱ्यात सबंध पान राहतं तरी कुठे? मग शिरेपासून कडेपर्यंत अरुंद पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक फाटीत शिशाची पट्टी बसवली. एकही काच तडकली नाही.

ईस्टरच्या सकाळी अँथनीकाका हात मागे बांधून त्या खिडकीसमोर उभे राहिले. अक्काने माझं मनगट घट्ट धरलं होतं. काचेतून आलेल्या उन्हात काकांचा पांढरा शर्ट सगळा हिरवा झाला. "रावेरपासून भुसावळपर्यंत," ते म्हणाले, "इंजिनातून जन्मभर हेच बघत आलो मी." मग चष्मा पुसत माझ्यावरच खेकसले, "बाकीच्या खिडक्या कधी देताय?" अक्का तिथेच बाकावर बसून रडली. मी मात्र गावभर असा मिरवलो, जणू चित्रं मीच काढली होती.

सगळ्या खिडक्या तिच्याच झाल्या, आजही आहेत. ते पहिलं तडकलेलं पान तिने मला टाकू दिलं नाही. "दुकानात टांग. स्वतःला फार शहाणा समजशील तेव्हा बघ." ते माझ्या दारावर आहे. सकाळी अकराच्या सुमाराला त्यातून येणारं ऊन काउंटरवर पडतं. भाचा आला त्या दिवशी ते नेमकं अक्काच्या फोटोवर येऊन थांबलं. बारा वाजेपर्यंत मी तो फोटो हलवला नाही. गिऱ्हाइकं ताटकळली... ताटकळू देत.